गोव्याला जाण्याबाबत इश्तेहार

निर्णय चुकू नये म्हणून मनुष्यजातीनं आजवर पुष्कळ उपाय शोधले. त्यांपैकी पुरता खात्रीचा एकच निघाला, तो म्हणजे निर्णय न घेणे. न घेतलेला निर्णय चुकल्याचं अजून कोणी ऐकलेलं नाही. तामसीच्या रस्त्याला लागून राहणारे नागोराव पेशकार यांचा या शास्त्रात हात धरणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडला नसता. (जिल्ह्याचे तुकडे पडून चार झाले, तरी सापडला नसता.)

खरं म्हणजे नागोराव पेशकार नव्हतेच. एका मंडल कचेरीत कारकून म्हणून लागले आणि मोठे कारकून म्हणून निवृत्त झाले. पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारा, हे पद निजामाबरोबर गेलं. पण गावानं हाक मारायला काहीतरी भारदस्त लागतं म्हणून ते जपून ठेवलं होतं आणि नागोरावांना चढवलं होतं. शेतमजुराचं पोर कचेरीच्या खुर्चीवर बसलं, याचं कौतुक गावाला होतं, आणि ते खोटं नव्हतं. नोकरीत त्यांनी हजारो मिसली, म्हणजे फायली, साहेबापुढं ठेवल्या. प्रत्येकीच्या शेवटी एकच ओळ: 'निर्णयास्तव सादर.' निर्णय काय व्हावा, हे त्यांनी चुकूनही सुचवलं नाही. साहेब आले, साहेब गेले. नागोरावांच्या नावावर एक वाईट निर्णय नाही. चांगलाही नाही, पण त्याची विचारणा सरकार करत नाही.

घरातही हाच शिरस्ता. दाराला रंग कोणता द्यावा हे विचाराधीन असल्यामुळं दार अजून लाकडाच्याच रंगाचं आहे. मुलगी प्रतिभा हिच्या लग्नाची मिसलही बराच काळ चालली असती. पण एका रविवारी ती अनुपला घेऊन आली, दोघांनी बापाच्या पाया पडून 'जयभीम' घातला, आणि मिसल आपोआप निकालात निघाली. नागोरावांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला. पोरगी आता मडगावला एका दवाखान्यात नर्स आहे.

आता मूळ प्रकरण. रुक्माबाई, म्हणजे नागोरावांची बायको, यांना दमा आहे. आमच्याकडची थंडी आपल्याला ठाऊक असेलच. सगळ्या तेलंगणात पारा आपल्याकडं सर्वांत खाली उतरला, असं पेपरात आलं की लोकांना पोरगं शाळेत पहिलं आल्यासारखं वाटतं. ते पहिलं येणं रुक्माबाईंच्या छातीत उतरतं. गेल्या थंडीत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "पेशकारसाब, यंदा निभावलं. पुढची थंडी यांना इथं काढायला लावू नका. कुठं समुद्राकाठी, गरम हवेत न्या. नाहीतर मी जबाबदारी घेत नाही."

त्याच दिवशी प्रतिभाचा फोन. "बाबा, आईले घेऊन या. खोली रिकामी हाय, खिडकी हाय, थंडी नावाले नाई. आनखी काय पायजे?"

आणखी काय पाहिजे, हे ठरवण्यासाठीच नागोरावांनी मिसल उघडली. विषय: उष्ण किनारी राज्यात राहावयास जाणे, गुणदोष विचार. उन्हाळ्यात थंडीचा प्रश्न तातडीचा न राहिल्यानं मिसल बाजूला पडली. पावसाळ्यात कागद सादळले. दिवाळीला सगळेच सुट्टीवर. असं होता होता ज्वारी पोटरीत आली, शेतांवर धुकं उतरलं, आणि घरात पहाटेचा खोकला सुरू झाला. तेव्हा प्रकरण तातडीचं असल्याचं नागोरावांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी तातडीनं इश्तेहार, म्हणजे जाहीर नोटीस, काढला.

जमिनीचा खातेबदल करायचा तर आधी चावडीवर इश्तेहार लागतो आणि चतुःसीमेचे, म्हणजे चारी बाजूंचे, शेजारी बोलावून त्यांचं म्हणणं घेतात, ही कचेरीची जुनी रीत. जमिनीला जे लागतं ते माणसाला नको, असं कुठं लिहिलंय? नागोरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली सही करणार हे आपल्या घरच्यांसह गोवा या उष्ण किनारी राज्यात राहावयास जाण्याच्या विचारात आहेत. सदर जाण्यास कोणाचा उजर, म्हणजे हरकत, असल्यास त्याने ती लेखी, सहीनिशी, पंधरा दिवसांत दाखल करावी. तोंडी उजर ऐकला जाईल, धरला जाणार नाही. मुदतीत लेखी उजर न आल्यास जाणे मंजूर झाले असे समजण्यात येईल.'

चिकटवायची खळ रुक्माबाईंनी शिजवली. कागदही फाटकावर त्यांनीच डकवला, कारण नागोरावांचा खांदा धरलेला असतो. डकवून झाल्यावर त्यांनी तो वाचला, मग पुन्हा वाचला. (प्रतिभाच्या शाळेच्या पुस्तकांवरून त्या वाचायला शिकल्या. आता रेशन दुकानावरची तेलुगू पाटीसुद्धा वाचतात.)

दुसऱ्या दिवसापासून पडवीत सकाळच्या उन्हात सुनावणी सुरू झाली.

पूर्वेकडचे शेजारी बापूजी. वय झालेलं, अंगावर घोंगडी, आणि प्रत्येक विषयावर मत. त्यांनी बसल्या बसल्या पहिला मुद्दा काढला. "जा न बापा, कोन आडवलं? पन तिथं ज्वारीची भाकर भेटते का? नाई, तुमी चौकशी केली का? मानूस भातावर किती दिवस जगन?"

"गोव्याचे लोक जगूनच राह्यले न जी," नागोराव म्हणाले.

"त्यायचं पोट लहानपनापासून तयार हाय. अन् दुसरं सांगतो, वाईट नका वाटून घेऊ. उद्या काई झालंच, त तिथं खांदा कोन देईन? आपले लोक हाय का?"

हा मुद्दा सर्वांना पटला. मरू नये म्हणून जिथं जायचं तिथं मेल्यावर खांद्याची सोय आहे की नाही, हे आधी पाहायला नको? नागोरावांनी लिहून घेतलं: 'खांदा: चौकशी करणे.' आतून चहा आला.

पश्चिमेला मल्लेशचं किराणा दुकान. मल्लेश घरी तेलुगू बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि महत्त्वाचं काही असलं की हिंदी. तो हिंदीत म्हणाला, "अण्णा, गर्मी के वास्ते गोवा कायकू जाना? मई में गर्मी इधरच आती ना, घर पे!"

नागोरावांनी हेही लिहून घेतलं. उष्ण राज्य दर मे महिन्यात घरपोच येत असताना माणसानं त्याच्या मागं तीन गाड्या बदलत जावं का? प्रश्न फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच उरतो. एवढे महिने रुक्माबाईंनी कसंबसं धकवून घेतलं, तर वर्षाचा मोठा भाग त्या गोव्यातच राहिल्यासारख्या होतील, असा हिशेब मल्लेशनं मांडला. (उरलेल्या भागात त्यांनी श्वास कशानं घ्यायचा, हे हिशेबात धरलेलं नव्हतं. किरकोळ खर्चात गेलं असेल.)

दक्षिणेला दीपमालाबाई. या शाळेत शिकवतात आणि चतुःसीमेत गोवा प्रत्यक्ष पाहिलेल्या एवढ्या एकट्याच. इथं एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: सुनावणीला आलेल्यांपैकी जे गोव्याला गेलेले नव्हते, त्यांची मतं सर्वांत पक्की होती, दीपमालाबाई गेलेल्या असल्यानं जरा डळमळीत होत्या.

"मी शाळेच्या सहलीत गेलते सर," त्या म्हणाल्या. "हवा गरम हाय, खोटं नाई बोलत. पन समुद्राचा भरोसा नाई. मी नुसती उभी होते, लाट आली अन् माही नवी चप्पल घेऊन गेली. अन् त्या हवेत कपाटं गंजतात म्हने."

कपाट नागोरावांचं लोखंडी होतं, कचेरीच्या लिलावातून घेतलेलं, त्यात सगळ्या मिसली. छातीला मानवणारी हवा कपाटाला बाधते, म्हणजे घरातल्या एकाला तरी त्रास होणारच. मग तो कोणाला व्हावा? नागोरावांनी दोन्ही बाजू समान धरल्या. आतून चहा आला. चहाच्या मागून खोकला आला. तो थांबेपर्यंत सगळे सभ्यपणानं कपात पाहत राहिले.

उत्तरेला सडक.

इथं मोठी अडचण आली. चतुःसीमेत सडक असली तरी तिचं म्हणणं लागतंच. पण सडकेचं म्हणणं द्यावं कोणी? दोन दिवस यावर खल झाला. शेवटी तामसीहून आदिलाबादला जाणारी बस रोज फाटकाशी मंद होते, तिचे कंडक्टर पंढरी हेच सडकेच्या सर्वांत जवळचे, असं ठरलं. नागोरावांनी हात दाखवून बस थांबवली आणि प्रवाशांदेखत विचारलं.

पंढरीनं खिडकीतून मुंडी काढली. "सडकेची काय हरकत राह्यते जी पेशकारसाहेब? जो येईन त्याले नेते. तिकीट घ्या म्हनजे झालं!"

'सडकेस हरकत नाही,' अशी नोंद झाली. चारी दिशांत एवढीच एक अनुकूल निघाली.

पुढच्या दिवसांत गुणदोषांची रास वाढत गेली. भाषेचा मुद्दा निघाला: गोव्यात कोकणी बोलतात, ती आपल्याला कळायची नाही. पण कचेरीतलं तेलुगू पुरतं न कळताही नागोरावांनी जन्म काढला होता, तेव्हा कोकणी न कळता उरलेला निघेल, म्हणून हा मुद्दा गेला. माशांचा मुद्दा निघाला: बेज्जूरकडून प्राणहिता नदीचे मासे येतात त्यांची चव समुद्राच्या माशांना नाही, शिवाय समुद्राचं पाणी मुळात खारं, तर कालवणात मीठ टाकायचं की नाही? (हा मुद्दा राखून ठेवला.) अंबाडीची भाजी तिथं कोण विकेल? कोणी म्हणालं, तिकडं लोक दुपारी झोपतात. हे गुणात धरावं की दोषात, यावर एक सकाळ गेली, आणि त्या दिवशी बापूजी दुपारी घरी जाऊन झोपले.

सर्वांत जड मुद्दा स्वतः नागोरावांचा होता, हयातीच्या दाखल्याचा. पेन्शनवाल्यानं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. इथं कचेरीतले लोक ओळखीचे. नागोराव दारात दिसले की आतूनच 'हाय हाय, जिवंत हाय' असं होऊन जातं. गोव्यात ते जिवंत राहतील, पण ओळखणार कोण? तिथल्या रस्त्यावर त्यांना 'पेशकारसाहेब' म्हणून हाक मारणारा कोण? हा दुसरा प्रश्न त्यांनी कागदावर घेतला नाही. पण रोज सकाळी फाटकाशी बस मंद होऊन पंढरीची हाक आली, की तो त्यांच्या छातीत हलायचा. छाती त्यांनाही होतीच.

आणि ते निष्ठुर होते, असं कोणी समजू नये. पहाटे उठून रुक्माबाईंसाठी पाणी तेच तापवत. खोकल्याचा नुसता सूर ऐकून आज दिवस कसा जाईल हे त्यांना कळे. एका पहाटे तर धुकं दारात येऊन बसलं होतं. रुक्माबाई खाटेच्या काठावर दोन्ही हात टेकून बसल्या होत्या, खांदे वर ओढलेले, ओठ निळसर. श्वास आत जात होता की नाही कळेना. नागोरावांनी दम्याचा पंप त्यांच्या तोंडाशी धरला. "घे व माय, घे, ओढ," म्हणत राहिले. बायकोला 'माय' म्हटल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. बऱ्याच वेळानं खांदे खाली आले. रुक्माबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग दारातून फाटकाकडं पाहिलं. फाटकावर इश्तेहार दवानं ओला झाला होता.

नागोराव हादरून गेले. त्या सकाळी त्यांनी सर्वांसमोर जाहीर केलं, की आता चालढकल नाही. यापुढं सुनावणी रोज दोनदा होईल. त्यामुळं चहाही दोनदा झाला.

अशी शेवटची बैठक आली. ऊन चांगलं पडलं होतं, सगळी चतुःसीमा हजर होती, आणि पहिला चहा होऊन मिठाचा राखून ठेवलेला मुद्दा पुन्हा निघाला होता. बापूजींचं म्हणणं, मासा पाण्यात राहतो म्हणून खारट होत नाही. तसं असतं तर आपल्या विहिरीतला बेडूक गोड लागला असता. मल्लेश म्हणाला, "तुमी खाऊन पाह्यला काय, बापूजी?" दीपमालाबाई हसू दाबत म्हणाल्या, त्यांनी गोव्यात मासा खाल्ला होता, पण तेव्हा चप्पल गेल्याचं दुःख होतं, चवीकडं लक्ष नव्हतं. (मध्येच रुक्माबाई पिशवी घेऊन पडवीतून उतरल्या, वाट मिळावी म्हणून बापूजींनी पाय आखडता घेतला.) मग मीठ वरून घ्यावं, ज्याचं त्यानं, अशी तडजोड नागोरावांनी सुचवली. तेवढ्यात बस आली आणि कोणाचंच कोणाला ऐकू येईना, म्हणून कामकाज जरा वेळ थांबलं. बस गेली. तडजोड मंजूर झाली. नऊ महिन्यांत मंजूर झालेली ही पहिलीच गोष्ट, म्हणून सर्वांना जरा हुरूप आला, आणि हुरूप आला की घसा कोरडा पडतो.

दुसरा चहा आला नाही.

"वैनी, चा!" बापूजींनी आवाज दिला.

"अक्का?" मल्लेश.

नागोराव आत गेले. चूल सारवून थंड होती. ओट्यावर थर्मास भरलेला, शेजारी धुतलेले कप पालथे. कोनाड्यात पंप नव्हता. खुंटीवर शाल नव्हती. ते परत पडवीत आले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "आत कोनी नाई."

"चक्कीवर गेल्या असतीन," दीपमालाबाई म्हणाल्या. "पिशवी होती हातात."

"तुमी पाह्यलं?"

"आपन सगळ्यायनंच पाह्यलं न जी. इथूनच त गेल्या."

बापूजींनी आपल्या पायाकडं पाहिलं.

नागोराव उठून फाटकाशी गेले आणि स्वतःच लिहिलेला इश्तेहार त्यांनी पहिल्यांदा वाचला. मुदत काल संपली होती. आजची बैठक बेकायदा होती. लोक निव्वळ सवयीनं आले होते. त्यांनी मिसल आणून चाळली. तोंडी उजरांनी ती फुगली होती. लेखी, सहीनिशी, एकही नव्हता. आमच्याकडं हरकत घेतल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि सही मागितली की बसत नाही.

"मी त नुसतं बोललो," बापूजी म्हणाले. "लेहून थोडंच देनार होतो?"

म्हणजे जाणं मंजूर झालं होतं. काल सूर्य मावळला तेव्हाच, कोणी काही न करता. नागोरावांनी मिसल पुन्हा पहिल्या पानापासून पाहिली. बापूजींचं म्हणणं होतं. मल्लेशचं होतं. चप्पल वाहून गेल्याचं होतं. सडकेचंसुद्धा होतं. एकीचं नव्हतं. तसं पाहिलं तर रीतीला धरूनच होतं ते: खातेबदल होताना जमिनीची जबानी कोणी घेत नाही. पण हे सुचल्यावर नेहमी येणारं समाधान त्यांना आलं नाही. ते पायरीवर बसले. शेवटी मल्लेशनं थर्मास आणून त्यांच्या हातात कप दिला. चहा गरम होता, आणि साखर त्यांच्यापुरती कमी घातलेली होती.

संध्याकाळी प्रतिभाचा फोन आला. आई नांदेडला उतरली, अनुप आधीच घ्यायला गेला होता, पुढच्या गाडीत दोघं बसले. "बाबा, तुमाले सांगून गेली न आई?" नागोरावांनी 'पाहिले' म्हणून सांगितलं.

मग मडगावहून रुक्माबाईंचा फोन आला. आवाज मोकळा होता. इतका मोकळा, की नागोरावांना आधी ओळखूच आला नाही.

"चहा पेलात का थर्मासातला?"

"पेलो."

"समुद्र पाह्यला मी. लय मोठा हाय, पन शाना हाय. लाट येते अन् जाते, कोनाले इचारत नाई." मग, "पहाटेचा खोकला नाई इथं. तुमी काऊन येऊन नाई राह्यले?"

"पाहून राह्यलो," नागोराव म्हणाले. "विचाराधीन हाय."

त्यांनी दुसरा इश्तेहार काढला, एकट्याच्या जाण्याबाबत. खळ स्वतः शिजवली. तिच्यात गाठी झाल्या, म्हणून कागद एका कोपऱ्यानं फडफडतो. पडवी झाडून ठेवली. पण या वेळी सुनावणीला कोणी आलं नाही. बापूजींचा गुडघा धरला, मल्लेशच्या दुकानात माल आला, दीपमालाबाईंच्या शाळेत परीक्षा लागल्या. आत चहा करणारं माणूस नसलं की आमच्याकडच्या हरकती बऱ्याच कमी होतात. नागोराव मफलर गुंडाळून एकटेच बसतात. बस फाटकाशी मंद होते, पंढरी मुंडी काढून विचारतो, "येता का जी पेशकारसाहेब?" नागोराव हात वर करतात. तो हात 'थांब'चा की 'जा'चा, हे पंढरीला अजून कळलेलं नाही; परवा मात्र त्यानं पाहिलं, की खुर्चीशेजारी एक पिशवी ठेवलेली आहे. इश्तेहाराची मुदत या आठवड्यात संपते.

राहता राहिले वाचक. नागोरावांना शहाणपण शिकवायची घाई तुम्हाला झाली असेल. ते साहजिक आहे. पण या गोष्टीत फोन येईपर्यंत रुक्माबाईंच्या तोंडी एक शब्दही नव्हता, हे तुम्हाला खटकलं होतं का? डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. रुक्माबाईंच्या निळ्या ओठांपर्यंत तुम्ही येऊन गेलात. आणि शेवटच्या सकाळी त्या पिशवी घेऊन तुमच्या समोरून पायऱ्या उतरल्या, तेव्हा तुमचं लक्ष समुद्राच्या माशाला मीठ लागतं की नाही, याकडं होतं.

तसं नसेल तर लेखी कळवा, सहीनिशी. नाहीतर बापूजींबरोबर तुम्हीही पाय आखडता घेतलात, असं समजण्यात येईल.